पाणी सपाट दिसतंय? आधी वारा बघा: विंडसर्फिंग शिकताना या चुका टाळा

फेब्रुवारीतल्या सकाळी आठला रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर उभं राहिलं की समुद्र ताटात ओतल्यासारखा दिसतो. लाट जेमतेम घोट्याएवढी. वारा पाठीमागून, सुरूच्या बनातून, गार. नवशिक्याला वाटतं, फळीवर उभं राहून शीड हाकायचा हा खेळ शिकायला याहून चांगली वेळ कुठली? मलाही तेच वाटलं होतं. गोव्यात दोनापावलाला चार दिवस शिकून आलो होतो, घरी सेकंडहँड बोर्ड होता आणि अंगात मस्ती होती. पाच मिनिटं झकास गेली. मागे वळून बघितलं तेव्हा सुरूची झाडं आगपेटीतल्या काड्यांएवढी झाली होती.

जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा वारा म्हणजे शाळेच्या भूगोलातला मतलई वारा. आमच्याकडे मच्छीमार त्याला मतलय म्हणतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते, म्हणून पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत तो दर्याकडे वाहत राहतो. किनाऱ्यालगत झाडं आणि डोंगर त्याला अडवतात, त्यामुळे तिथं तो नसल्यासारखाच वाटतो. दोन-तीनशे मीटर आत गेलं की खरा जोर कळतो. पाणी सपाट असतं ते वारा नाही म्हणून नव्हे, लाट उठवायला त्याला पुरेसं अंतर अजून मिळालेलं नसतं म्हणून. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती.

जाळी काढून परतणाऱ्या एका होडीनं मला आणलं. तांडेलानं आधी बोर्ड नीट निरखला, मग मला. "मतलय सुटलाय, आनी तुमी फळी घेऊन कुटं चाललाव, मस्कतला?"

तेव्हापासून माझा नियम असा की मतलय असेपर्यंत बोर्ड घरात. कोकणात शिकायची वेळ दुपारची. एक-दोननंतर जमीन तापते आणि खारा वारा समुद्राकडून येऊ लागतो. या वाऱ्यात पडलात, थकलात, शीड उचलेना झालं, तरी तो तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतो. मात्र तो सरळ येत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी बहुतेक वेळा वायव्येकडून तिरका येतो, म्हणजे तुम्ही हळूहळू दक्षिणेकडे सरकत जाता. म्हणून पुळणीच्या दक्षिण टोकाला पाण्यात उतरू नका, तिथून पुढे कातळ असतो आणि कातळावर कालवं. भाट्याला अगदी उत्तरेकडूनही नको, कारण तिथं काजळी नदीचं मुख आहे. मी मध्याच्या थोडं उत्तरेला उतरतो आणि दक्षिण टोकाच्या झरी विनायकाच्या देवळाच्या बरंच अलीकडे बाहेर येतो. आणखी एक: सूर्य कलला की खारा वारा कधीकधी दहा मिनिटांत बसतो. साडेपाचनंतर लांब जायचं नाही.

अ‍ॅपमधला पंधराचा आकडा

ही चूक शिकलेली माणसंही करतात. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये वारा कधी किलोमीटरमध्ये असतो, कधी नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ताशी १५ किलोमीटर म्हणजे आठ नॉट, नवशिक्याला अगदी सुखाचा वारा. १५ नॉट म्हणजे ताशी २८ किलोमीटर, आणि त्यात नवशिक्याचं काही खरं नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: दहाचा चौदा नॉट झाला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट. "चारच नॉट तर वाढलाय" असं म्हणणारा माणूस पुढच्या मिनिटाला शिडाबरोबर उडून बोर्डाच्या नाकापुढे पाण्यात पडलेला असतो.

लहान बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून घेणं

इथं जरा थांबतो, कारण माझ्या मते हा खेळ मागे पडला तो याच चुकीनं, आणि ती एकट्यादुकट्याची नव्हती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी बोर्डाला सगळीकडे वाकणाऱ्या सांध्यावर डोलकाठी बसवली आणि पेटंट घेतलं. सुकाणू नाही, डोलकाठीला बांधलेली दोरखंडं नाहीत, शीड माणसानं हातात धरायचं. त्याआधीही एक-दोघांनी फळीवर शीड लावून पाहिलं होतं, पण युरोपभर वेड पसरवलं ते या नमुन्यानं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं, १९९२ पासून महिलांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. त्या काळचे बोर्ड लांब आणि जड होते. हलक्या वाऱ्यात तळ्यावरही चालायचे, आणि आईबापांमागून पोरं शिकायची. मग कंपन्या आणि पट्टीचे खेळाडू जोराच्या वाऱ्यामागे लागले. बोर्ड आखूड झाले, बुडायला लागले, आणि नवा माणूस दोनदा पाण्यात पडून घरी गेला तो परत आलाच नाही.

हिशोब साधा आहे. एक लिटर आकारमान म्हणजे साधारण एक किलो वजन तरतं. तुमचं वजन ७५ किलो, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून दहा, बोर्डाचं स्वतःचं सात. झाले ९२. ऑनलाइन "उत्तम स्थितीत" म्हणून विकायला ठेवलेला ९० लिटरचा बोर्ड घेतलात तर तो तुमच्या पायाखाली बुडणार. त्यात खोट कुणाचीच नाही, गणिताची आहे. शिकायला १८० ते २२० लिटरचा, रुंद, मधोमध डॅगरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची पाती) असलेला बोर्ड हवा, आणि शीड चार-पाच चौरस मीटरचं. असे रुंद बोर्ड हल्ली पुन्हा मिळू लागलेत. वरच्या टोकाला तर आता बोर्ड पाण्याला टेकतच नाही: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयक्यूफॉइल होते, पाण्याखालच्या पंखावर अधांतरी चालणारे. आपल्या इबाद अलीनं २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्य मिळवलं ते त्याआधीच्या आरएस:एक्स बोर्डावर.

शिडाशी कुस्ती

पहिल्या दिवशी संध्याकाळी कंबर धरून बसलेला माणूस दिसला की मी विचारतही नाही. त्यानं पाण्यात पडलेलं शीड पाठीच्या जोरावर उचललेलं असतं. शीड पाण्यात आडवं पडलं की त्यावर कितीतरी लिटर पाणी बसतं. ते एका हिसक्यात उचलणं पैलवानालाही जमणार नाही. मालवणकडे रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढणारी माणसं बघा, हातानं ओढत नाहीत, अंग मागे टाकतात. तसंच करायचं. पाठ वाऱ्याकडे, पाय डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकवून अपहॉलच्या, म्हणजे शीड वर ओढायच्या, दोरीला आपलं वजन टांगायचं आणि दोन श्वास थांबायचं. पाणी आपोआप निथळतं, शिडाचं टोक वर येतं, मग ते पिसासारखं हलकं होतं.

आणि पायांकडे बघू नका. पायांकडे बघितलं की डोकं पुढे जातं, डोक्यामागून कंबर, आणि मग सगळंच.

एकदा बूम हातात आली की नवा माणूस तिला एसटीच्या दांड्यासारखा घट्ट पकडतो. झुळूक आली की आणखी घट्ट. उपाय उलटा आहे: मागचा हात सैल सोडा. मागचा हात जवळ घेतला की शीड वारा भरतं, सोडला की वारा निसटतो. एवढं एक कळलं की खेळाची मजा सुरू होते. जोर कमी आणि वाऱ्याशी बोलणं जास्त. बारा-पंधरा नॉटमध्ये बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागतो, तळव्याखाली फरशीवरून हातगाडी नेल्यासारखी थडथड येते, आणि शिडाचा ओढा अचानक हलका होतो. ते दोन-तीनशे मीटर अनुभवायला मला दीड हंगाम लागला. पण त्याआधीच्या आठ नॉटातल्या संथ फेऱ्याही कंटाळवाण्या नव्हत्या. मोटर नाही, पेट्रोलचा वास नाही, बोर्डाखाली पाण्याची फक्त चुळचुळ.

काही तक्रारी नेहमीच्या आहेत. बोर्ड सारखा वाऱ्याकडे तोंड वळवून उभा राहत असेल तर डोलकाठी मागे कललेली आहे, ती नाकाकडे झुकवा. वाऱ्याकडे वळायचं असेल तर मुद्दाम मागे झुकवा. सुकाणूचं सगळं काम एवढंच. निघालो त्या जागी परत येता येत नसेल तर आधी डॅगरबोर्ड खाली आहे का बघा. मग लक्षात ठेवा की वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलंच शीड चालत नाही, साधारण ४५ अंशांनी तिरकं जाऊन आडव्या फेऱ्या मारत चढावं लागतं. मागचाच हात भरून येत असेल तर दोष बहुधा हाताचा नसतो, शीड खाली ताणणारी डाउनहॉलची दोरी ढिली असते.

पंचांग न बघणं

हसू नका. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. तिथून सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी. आता पौर्णिमेचा दिवस बघा: उधाणाची भरती सव्वाअकराला, आणि सुकतीचा सगळ्यात जोराचा ओढा तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे सव्वा ते सव्वातीन. नेमका तेव्हाच खारा वारा उठतो. खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर, वारा आत, आणि दोघांच्या भांडणात उभ्या, आखूड लाटा. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असो की इथं काजळीच्या, त्या दुपारी नवशिक्यानं तिकडे फिरकू नये. अष्टमी-नवमीला उलट: दुपारी पाणी भरत असतं, आणि भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला ओढाही कमी. मी पाहुण्यांना शिकायला बोलावतो ते अष्टमी बघूनच. घरचे म्हणतात, आता मुहूर्तही काढायला लागलास.

जाळ्यांच्या बोयांपासून लांब राहा. बोर्डाखालची फिन जाळ्यात अडकली की जाळंही फाटतं आणि संबंधही. जूनपासून होड्या शाकारून ठेवतात तेव्हा आपला बोर्डही आत.

बोर्ड सोडून पोहणं

बाकी सगळ्या चुका परवडतील, ही नाही. काही मोडलं, हात गळले, किनारा जवळ वाटतोय, तरी बोर्ड सोडायचा नाही. तो तरंगतो आणि लांबून दिसतो, तुमचं डोकं दिसत नाही. शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवं ठेवा, बोर्डावर पालथं झोपा आणि हातांनी वल्हवत या. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा. एक हात हलवलात तर किनाऱ्यावरचे लोकही हात हलवतील, आमच्या बाबतीत घडलंय. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, वॉटरप्रूफ पिशवीत फोन, आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४. उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत पाकट असते.

राहिली डोलकाठी. ती दोन तुकड्यांची असते आणि जोडावर चार कण वाळू गेली की तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. जोडण्याआधी दोन्ही टोकं गोड्या पाण्यानं धुवा आणि जोडावर चिकटपट्टी फिरवा. अडकलीच तर दोघांनी दोन बाजूंनी धरून, ओढत न बसता, पिळायची. बाहेरच्या तुकड्यावर गरम पाणी ओतलं की कधीकधी सुटते. माझी एकदा नाही सुटली. सव्वाचार मीटरची ती काठी आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन चाललेल्या टेम्पोवर बांधून घरी आणली, आणि टेम्पोवाल्यानं वाटेत तीनदा विचारलं की आंबे काढायची एवढी सरळ घळ मिळाली कुठं.