म्हाताऱ्यांकडून जुनी मॅच कशी काढून घ्यावी

"तुमच्या तरुणपणीच्या काही आठवणी सांगा ना," असं म्हणून समोर फोन धरलात की संपलंच. माझे सासरे, म्हणजे बाबा, एवढंच म्हणाले, "बरं होतं. खेळायचो." आणि आत जाऊन झोपले. गोव्यात बार्देशातल्या आमच्या गावच्या फुटबॉल टीमचे ते गोली, म्हणजे गोलकीपर. वय आता ऐंशीच्या वर. मुलांसाठी त्यांचं बोलणं टिपून ठेवायचं मी ठरवलं, त्यात चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते.

प्रश्न नंतर, आधी हातात वस्तू द्या. आमच्या धाकट्याच्या फुटबॉलमधली हवा गेली होती. बाबांनी तो घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "ह्या बॉलाक वादी खंय?" त्यांच्या वेळी कातडी चेंडूत रबरी ब्लॅडर घालायचा, तो फुगवून नळी दुमडायची, दोऱ्याने घट्ट बांधायची आणि वरून चामड्याची वादी बुटाच्या नाडीसारखी ओवून आवळायची. हेड मारताना ती वादी कपाळावर बसली की संध्याकाळपर्यंत वळ. बाबा दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवून दाखवत होते, जणू तो अजून तिथे आहे. पावसात चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा. "मग गोली काय करायचा?" "हात पुढे करायचा आणि म्हाळसादेवीचं नाव घ्यायचा." असा दीड तास चालला. माझा फोन तेव्हा आतल्या खोलीत चार्जिंगला. तेव्हापासून चेंडूला हात लावायच्या आधी मी फोन टेबलावर ठेवते.

दुसरी युक्ती जरा खट्याळ आहे: दुसऱ्या गोलीचं कौतुक करा. १९८४ साली गोव्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, जिंकली, तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकरांनी स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. मी एवढंच म्हटलं की असा गोली पुन्हा होणे नाही. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तांकां हातमोजे आसले." आणि सुरू. तुमच्याकडे आजोबा फॉरवर्ड असतील तर दुसऱ्या फॉरवर्डचं नाव काढा. क्रिकेटवाले असतील तर मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आहेतच, १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या त्यांच्या ६४२ धावा निघाल्या की शांत बसणारा म्हातारा मी अजून पाहिला नाही.

जमलं तर मैदानावर न्या. मैदान कसलं, शेतच. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापलं की नोव्हेंबरपासून पुढच्या पावसापर्यंत ते पोरांचं. भाताची खुंटं अनवाणी पायांना टोचायची, गोलपोस्ट म्हणून दोन बांबू, आणि बाजूची मेर, म्हणजे शेताचा बांध, हीच टचलाइन. आज अर्ध्या शेतावर एका बंगल्याची भिंत आहे, उरलेलं पडीक. पलीकडे हिरव्या जाळीतलं टर्फ, तासावर भाड्याने. बाबा काठी टेकत एका माडापाशी गेले, तिथून पावलं मोजत निघाले, सोळाव्या पावलाला भिंत आडवी आली. काठीने भिंतीवर टकटक केलं. "हांगा पोस्ट आसलो." मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. अशा वेळी "अरेरे, सगळं बदललं" असं म्हणून आपण त्यांची गोष्ट मधेच तोडतो. पाच मिनिटांनी त्यांनी आपणहून सांगितलं की टर्फवरची पोरं बरी खेळतात, पण पडायला घाबरत नाहीत याचं त्यांना आश्चर्य वाटतं. त्यांच्या वेळी पडलं की गुडघ्यात खुंट.

भाषा सुधारू नका. आमच्या घरात मराठी बोलतात, पण बाबांची मराठी पेनल्टी एरियापर्यंतच टिकते. गोल आला की कोंकणी. लिहिताना ती तशीच ठेवा.

आता तारखा. "कुठल्या साली?" हा प्रश्न फुकट. गोव्यात साल काढायचे दुसरे मार्ग आहेत. गोवामुक्तीच्या (डिसेंबर १९६१) आधी की नंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले त्याच्या (१९७३) आधी की नंतर. सगळ्यात कामाचा प्रश्न पैशांचा: वर्गणी कशात गोळा केली? १९५९ मध्ये एस्कुद आले, त्याआधी पोर्तुगीज रुपया आणि टांगा, आणि १९६२ मध्ये आपला भारतीय रुपया. फेरीबोटीवर मात्र भरवसा ठेवू नका. "पणजीला मॅच बघायला फेरीने गेलो" म्हणजे पूल व्हायच्या आधी, असं मी लिहून मोकळी झाले होते. पण ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला आणि लोक पुन्हा फेरीवर आले. बाबा सांगत होते ती फेरी ही दुसरी. मोठी मॅच असेल तर पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत. 'गोमन्तक' १९६२ चा, त्यामागच्या काळासाठी तो उपयोगाचा नाही.

आणि एकट्याला बसवू नका. त्यांच्याविरुद्ध खेळलेला कुणी जिवंत असेल तर त्याला चहाला बोलवा. पलीकडच्या वाड्यावरचे अंकल लेफ्ट-विंगला खेळायचे. चहा ओतून होईपर्यंत भांडण लागलं. बाबांच्या मते अंकलची पेनल्टी त्यांनी अडवली, अंकलच्या मते चेंडू बांबूला लागून बाहेर गेला. बाबा म्हणे मॅच मुक्तीच्या आधीची, अंकल म्हणे नंतरची. मी वर्गणीचं विचारलं. अंकलना आठवलं, नव्या चेंडूसाठी आईकडून चोरून दोन एस्कुद घेतले आणि मार खाल्ला. म्हणजे १९५९ ते ६२ च्या मधलं, दोघेही सोळा-सतराचे. तारखेवरून दोघांनाही जिंकल्यासारखं वाटलं. पेनल्टीचं काही मिटलं नाही. मी दोन्ही लिहून ठेवलं, एकाखाली एक. पंच होऊ नका, पुढच्या वेळी कुणी यायचं नाही.

बाकी किरकोळ. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखाच ऐकू येतो. दुपारच्या झोपेनंतर, चार-साडेचारला बसा, पाऊण तासाच्या वर नको. जुन्या फोटोचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि मागे नावं पेन्सिलीने लिहा. फोटोत कोण नाही तेही विचारा. आमच्या टीममधला राइट-बॅक असाच सापडला, तो आधीच बोटीवर नोकरीला गेला होता.

फाइलची एक प्रत मी अंकलच्या मुलाला लिस्बनला पाठवली. दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला. मी पुन्हा लिहावं म्हणून मागे अंकल फोनवरून त्याला सांगताना ऐकू येत होते, "बांबूकच लागिल्लो. तिका परत बरोवंक सांग."