अमेरिकेत पीए (फिजिशियन असिस्टंट) स्कूलला अप्लाय करताय? मग या चुका टाळा

एप्रिल संपत आला, कॅस्पाचं (पीए स्कूलचे अर्ज भरायचं) पोर्टल उघडलं की मला मेसेज सुरू होतात. ताई, रिसर्च आहे, स्क्राइबिंग (डॉक्टर पेशंट बघताना नोंदी लिहिणं) आहे, फूड पँट्रीत (गरजूंना धान्यवाटप) व्हॉलंटिअरिंग आहे, शॅडोइंग (कामावरच्या पीएच्या मागे राहून बघणं) पण केलंय, एवढं पुरेल ना? मी विचारते, कशाचे तास किती? की पलीकडून एकदम चिडीचूप.

अर्जात प्रत्येक अनुभवाचे तास आपापल्या कॅटेगरीत भरायचे असतात, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. माझंच सांगते. कॉलेजनंतर मी एका हॉस्पिटलमध्ये रिसर्चला होते. काही दिवस पेशंटचं रक्त घ्यायचं, बीपी बघायचं, आणि उरलेला सगळा वेळ कन्सेंट फॉर्म आणि एक्सेल. तास झाले १८००. मी शहाणीने ते सगळे पेशंट केअरमध्ये टाकले आणि वर तेच रिसर्चमध्येही टाकले, म्हटलं दोन्हीकडे भारदस्त दिसेल. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला बोलावलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, यातले पेशंटला हात लावला असे तास किती? मी म्हटलं, अर्धे तरी असतील. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाल्या, मग हेच १८०० इथे परत कसे? मला घाम फुटला. नाव अर्थातच कटलं.

पुढच्या वर्षी जुनं कॅलेंडर उकरून हिशोब केला तर खरे पेशंट केअरचे निघाले ६१०. बाकीचे रिसर्च. एकच नोकरी दोन कॅटेगरीत वाटता येते, पण तास वाटायचे असतात, डबल करायचे नसतात! मग वर्षभर मेडिकल असिस्टंटची नोकरी केली (आठवड्याला ४० तास धरले तरी ५० आठवड्यांत २००० होतात, यात काही जादू नाही) आणि तेव्हा कुठे ॲडमिशन मिळाली. तेव्हापासूनची सवय म्हणजे दर शुक्रवारी गाडी सुरू करायच्या आधी पार्किंगमध्येच वहीत लिहायचं, तारीख, तास, काय केलं, हाताखाली कोणाच्या. ॲप वगैरे मला जमत नाही.

आता रिसर्च. आपल्या घरांमध्ये एमडीचं डोक्यात असतं त्यामुळे आईबाबा म्हणतात रिसर्च हवाच. अहो, १९६५ ला ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेडनी पीएची पहिली बॅच घेतली ती चार जणांची, आणि ते नेव्हीत कोअरमन (वैद्यकीय मदतनीस) म्हणून काम करून आलेले होते, लॅबमधून नाही. या धंद्याचं मूळच पेशंटजवळ उभं राहण्यात आहे. रिसर्च आवडत असेल तर जरूर करा, पण वेळ कमी पडला की आधी तोच सोडा.

दुसरी चूक, सगळं एकाच सेमिस्टरला. ऑरगॅनिक केमिस्ट्री, ईएमटीच्या (ॲम्ब्युलन्सवरच्या) नाइट शिफ्ट, लॅब, शनिवारी व्हॉलंटिअरिंग, आणि मग केमिस्ट्रीत सी ग्रेड. वर म्हणतात परत घेईन ना कोर्स. घे की, पण कॅस्पा दोन्ही ग्रेड धरतं, जुना सी पुसला जात नाही. मी कोर्स चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम घेत नव्हते आणि व्हॉलंटिअरिंग फक्त दोन तास, पण एकाच जागी दोन वर्षं. डिसेंबरच्या सुट्टीत घाईघाईने पाच ठिकाणी जाऊन आलेलं लगेच कळतं हो, कोणाला फसवताय?

स्क्राइबचे तास काही प्रोग्रॅम पेशंट केअर धरतात, काही नाही, प्रत्येकाची वेबसाइट वाचा.

शॅडोइंग म्हणजे बघणं, ते पेशंट केअर नाही.

एच-४ वर (डिपेंडंट व्हिसावर) आलेल्या बीडीएस, बीएचएमएस मैत्रिणींनो, वर्क परमिट नसेल तर पगाराची नोकरी फुकट करते म्हणून व्हॉलंटिअरिंग होत नाही, व्हिसाची भानगड होऊ शकते, आधी वकिलाला विचारा. इंडियातले तास धरायचे की नाही हेही प्रोग्रॅमप्रमाणे बदलतं.

आणि सुपरवायझर नोकरी सोडायच्या आत तिचा पर्सनल ईमेल घेऊन ठेवा. माझी गेली ॲरिझोनाला, आणि शिफारशीच्या लेटरसाठी मला तिच्या कुत्र्याच्या फोटोखाली कमेंट करून तिला शोधावं लागलं.