किरणोपचाराचे नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता: या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

सांगलीत विलिंग्डनमध्ये पदार्थविज्ञान किंवा वालचंदमध्ये संगणक अभियांत्रिकी शिकणारी मुले अलीकडे अधूनमधून भेटायला येतात आणि कर्करोगाच्या किरणोपचारात कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी, असे विचारतात. बहुतेकांना आधी कोणते मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, शिकावे हे जाणून घ्यायचे असते. मी या भागातील एका किरणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि माझे म्हणणे असे, की मॉडेलला हात लावण्यापूर्वी एक प्लॅन, म्हणजे किरण कोठून आणि किती द्यायचे याचा आराखडा, स्वतःच्या हाताने करून पाहावा.

डोके व मानेच्या कर्करोगाचा रुग्ण घेऊ, कारण आमच्याकडे तेच रुग्ण जास्त येतात. रुग्णाच्या चेहऱ्यावर थर्मोप्लास्टिकचा मास्क बसवून सीटी स्कॅन काढला जातो. त्यावर डॉक्टर गाठीची आणि जेथे रोग पसरला असण्याची शक्यता आहे त्या भागाची सीमा आखतात, तसेच मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, स्वरयंत्र अशा वाचवायच्या अवयवांच्याही सीमा आखल्या जातात. गाठ तशीच असेल तर साधारणपणे 35 फ्रॅक्शनमध्ये (म्हणजे एकेका दिवशी द्यायच्या भागांत) 70 ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचे एकक), शस्त्रक्रिया झालेली असेल तर बहुधा 30 फ्रॅक्शनमध्ये 60 ग्रे असा डोस ठरतो. मज्जारज्जूला 45 ग्रेच्या आत ठेवायचे आणि कानाजवळच्या लाळग्रंथीचा सरासरी डोस 26 ग्रेच्या खाली आणायचा, म्हणजे उपचारानंतर तोंड कायमचे कोरडे पडण्याचा धोका कमी होतो. किरणांची रचना संगणकच शोधतो. परंतु कशाला किती महत्त्व द्यायचे हे त्याला माणूस सांगतो, आणि म्हणूनच एकाच रुग्णासाठी दोन अनुभवी तज्ज्ञांचे प्लॅन वेगळे निघतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे खरे काम या जागी सुरू होते. सीमा आखण्याचे काम आता यू-नेटसारखी न्यूरल जाळी, म्हणजे प्रतिमांवरून शिकणारी मॉडेल्स, करतात. 2015 साली मांडलेली ही रचना मुळात वैद्यकीय प्रतिमांसाठीच होती. दुसरे, मला अधिक रस वाटणारे काम म्हणजे डोसचा अंदाज. जुन्या चांगल्या प्लॅनवरून मॉडेल असे शिकते, की गाठ आणि लाळग्रंथी यांच्यात इतके अंतर असेल तर त्या ग्रंथीचा डोस कोठपर्यंत खाली आणता येतो. ज्या रुग्णाची गाठ ग्रंथीला चिकटलेली आहे त्याच्यासाठी 26 ग्रेचा हट्ट धरल्यास गाठीलाच डोस कमी पडेल. ज्याची गाठ दूर आहे त्याच्यासाठी 26 वर समाधान मानणे हा आळस ठरेल, कारण तेथे त्याहून बरेच खाली जाता येते. रुग्णागणिक नियोजन म्हणतात ते आज मुख्यतः एवढेच आहे. गाठीच्या जनुकांवरून डोस ठरवण्याचे संशोधन चालू असले तरी रोजच्या कामात ते अजून उतरलेले नाही, आणि जाहिरातींवरून तसा समज करून घेऊ नये.

सरावासाठी डोसचा अंदाज करण्याच्या 2020 च्या ओपन-केबीपी स्पर्धेचा 340 रुग्णांचा खुला माहितीसंच उत्तम आहे. डोसचा अंदाज करणारे मॉडेल त्यावर घरच्या संगणकावरही, थोडा धीर धरल्यास, शिकवता येते. परंतु तेथे मिळालेले गुण पाहून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे गालाच्या आतील बाजूचे व हिरडीचे कर्करोग पुष्कळ आहेत, आणि त्यांतील अनेक रुग्ण शस्त्रक्रिया होऊन येतात: जबड्याचा एक भाग काढलेला, छातीचा स्नायू वळवून गालाच्या जागी बसवलेला, दातांतील धातूमुळे सीटीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली जबड्याखालची लाळग्रंथीही सीमा आखणारे मॉडेल कधी कधी मोठ्या आत्मविश्वासाने आखून देते. सीमा किती जुळल्या हे सांगणारा सरासरी गुणांक तेव्हाही चांगलाच दिसतो, कारण उरलेले अवयव नीट आखलेले असतात. नव्या विद्यार्थ्याने प्रकल्प निवडायचा असेल तर नवे मॉडेल बांधण्यापेक्षा असलेले मॉडेल आपल्या रुग्णांवर कोठे आणि का चुकते याची पद्धतशीर नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काम कमी झगमगीत असले तरी विभागाला त्याचा उपयोग लगेच होतो.

आणखी एक गोष्ट संगणकासमोर बसून कळत नाही. उपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. त्या काळात गिळता न आल्याने रुग्णाचे वजन उतरते, मास्क सैल होतो, लाळग्रंथी आकसून आत सरकतात आणि पहिल्या दिवशीचा प्लॅन हळूहळू त्या शरीराचा राहत नाही. कोणाचा प्लॅन पुन्हा करावा लागेल हे आधी ओळखणे, हा मॉडेलसाठी फार चांगला प्रश्न आहे. जत किंवा आटपाडीहून रोज एसटीने येणाऱ्या रुग्णाचे मधले दिवस बुडाले तर रोगावरचे नियंत्रण घटते, हे मात्र कोणताही प्लॅन भरून काढत नाही. म्हणून विभागात आल्यावर समाजसेवा अधीक्षकांशीही ओळख ठेवावी.

पात्रतेविषयी थोडक्यात. रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करायचे तर पदार्थविज्ञानात एमएस्सी, त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रात किंवा अन्य मान्य संस्थेत रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि वर्षभराची इंटर्नशिप, असा मार्ग आहे. नियम परमाणु ऊर्जा नियामक परिषदेचे आहेत आणि अर्ज करण्यापूर्वी ते तेथूनच तपासावेत. अभियंत्यांना हे पद मिळत नाही, पण संशोधनात आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत त्यांना वाव आहे. पायथन, रेषीय बीजगणित, इष्टतमीकरण (सर्वोत्तम पर्याय शोधण्याचे गणित) आणि वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम फायलींची रचना एवढे दोघांनाही हवेच.

स्थानिक रुग्णांची माहिती वापरायची असेल तर नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2023 साली आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती अर्जापूर्वी वाचावीत. फाइलीतून नाव पुसले म्हणजे काम संपत नाही, कारण डोक्याच्या सीटीवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. या परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पहिल्याच सत्रात द्यावा आणि ती हाती येईपर्यंत खुल्या संचावर काम चालू ठेवावे.