बालगृह, वृद्धाश्रम आणि कोप्या: दिवाळीचं वाटप कसं करावं

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत साताऱ्या-सांगलीकडच्या संस्थांमध्ये फराळाच्या डब्यांची रांग लागते. चिवडा सादळतो, पेढ्यांना वास येतो आणि तुळशीचं लग्न झालं की कपाट रिकामं. म्हणून महिनाभर आधी पहिला फोन कराल, तेव्हा "आम्ही अमुक दिवशी येतोय" असं सांगू नका. कोणत्या दिवशी कुणीच येणार नाही, ते विचारा. बहुधा भाऊबीजेनंतरचा आठवडा मोकळा मिळतो.

त्याच फोनवर आकडा घ्या, तोही पटावरचा नको, त्या तारखेचा. सुट्टीत ज्यांना मामा किंवा आजी आहे ती मुलं गावी जातात आणि ज्यांना कुणीच नाही ती मागे राहतात. स्वयंपाकाच्या मावशी, पहारेकरी, मदतनीस यांनाही मोजा. ही माणसं हमखास राहून जातात.

४० जणांचं माप असं. प्रत्येकी दोन बेसनलाडू धरा: सव्वा किलो डाळीचं पीठ, साधारण ६५० ग्रॅम तूप आणि एक किलो पिठीसाखर. ३५ ग्रॅमचा लाडू वळला तर ८० होतात. पीठ मंद आचेवर खमंग भाजा. कच्चं राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो, म्हाताऱ्या माणसांना तर फारच. साखर पीठ कोमट झाल्यावरच घाला, नाहीतर ती विरघळते आणि लाडू बसतात. चिवडा प्रत्येकी १०० ग्रॅम धरला तर अडीच किलो पातळ पोहे, अर्धा किलो शेंगदाणे, पाव-पाव किलो डाळं आणि सुकं खोबरं, पाऊण लिटरच्या आत तेल. पिशव्या भरायची घाई करू नका. कोमट चिवडा पिशवीत घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी चामट होतो. परातीत पसरून तीन-चार तास गार होऊ द्या. लाडू वेगळ्या डब्यात. कंदी पेढे न्यायचेच तर आदल्या दिवशी घ्या आणि तिथेच वाटून संपवा.

वृद्धाश्रमाचा फराळ वेगळा काढा. चकली, कडक शंकरपाळी, डाळिंब, पेरू: कवळीवाल्यांना यातलं काहीच जमत नाही. शेंगदाणे ठसक्यालाही कारण होतात, म्हणून त्यांच्या चिवड्यात ते घालूच नका, मीठही हात आखडून. गुळाचा लाडू मधुमेहाला चालतो हा गैरसमज आहे. गुळानेही साखर वाढतेच. सांगलीचा भडंग न्यायचा मोह होईल, पण तो लसूण-तिखट कमी करून घरीच केलेला बरा. गिळायला त्रास असलेल्यांना काय द्यायचं ते तिथल्या परिचारिकेला विचारा. आणि अभ्यंगाचा हौशी कार्यक्रम नको: तेलकट पाय, ओली फरशी, मग खुब्याचं हाड.

खरी गरज बहुतेक वेळा कंटाळवाणी असते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टेपचे डायपर लागतात, चालत्या-फिरत्यांना पँटसारखे. दोन्हींचं माप कंबरेच्या घेरावर. घरात उरलेली औषधं नेऊ नका. पांघरूण देणार असाल तर सुती चादर किंवा पातळ ब्लँकेट द्या. माणदेशी घोंगडी उबदार खरी, पण तिथे ती धुवायची कुणी आणि वाळवायची कुठे?

मुलांचे कपडे वयावरून घेतले की निम्मे बदलायला लागतात. मापं अधीक्षिकांकडून घ्या आणि एक नंबर मोठा घ्या. चपला-बुटांसाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल उभी धरून रेघ फिरवा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा, वर एक सेंटिमीटर. कागदावर मुलाचं नाव नको, संस्थेने दिलेला क्रमांक टाका आणि कागद दुकानात घेऊन जा. रंग वेगळे चालतील, दर्जा एकच हवा. आतले कपडे नवेच. मोठ्या मुलींचे पॅड अधीक्षिकांच्या हाती, सगळ्यांसमोर नाही.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि वाळवा, कराडकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. तिथली पोरं कुठल्याच संस्थेच्या यादीत नसतात. आधी मुकादमाशी बोला. तोडीला माणसं पहाटेच जातात, त्यामुळे दिवसा कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, लहान मुलं आणि एखादी म्हातारी एवढंच सापडतं. संध्याकाळी जा, आईबापांच्या देखत द्या. स्वेटर, कानटोपी, झाकणाचा डबा उपयोगी पडतो. पणत्या, फटाके अजिबात नकोत: कोपी पाचटाची-वाढ्यांची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, एक ठिणगी पुरते. त्याऐवजी बॅटरी द्या, सेलसकट.

भेटीची वेळ वृद्धाश्रमात दुपारच्या झोपेनंतर, चार ते साडेपाच. भाषण नको, हार नको, "मुलं भेटायला येतात का?" हा प्रश्न तर नकोच. पत्त्यांचा डाव मांडा किंवा नखं कापून द्या. मधुमेहींची मात्र परिचारिकेवर सोडा.

बालगृहात मोबाइल पिशवीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असा फोटो प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वस्तूंचा फोटो काढा, हौस भागते. आयकराची सवलत हवी असेल तर वस्तूंवर ती मिळत नाही, दोन हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही. चेक किंवा यूपीआय करा, पावती तिथेच घ्या.

निघताना "येतो" म्हणायची आपली रीत. लहान पोरं ते खरं धरून फाटकाकडे बघत बसतात. पुढची तारीख नक्की असेल तरच सांगा, आणि ती अधीक्षिकांच्या वहीत लिहून या.