मुलांसाठी ग्राफिक नॉव्हेल काढायचंय? आधी डमी करा, रंग नंतर

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चौकटी-चौकटींच्या चित्रांतून सांगितलेली लांब गोष्ट. ती डोक्यात असते, हात शिवशिवत असतो आणि लोक थेट पहिलं पान रंगवायला घेतात. पाच-सहा पानं झकास होतात, मग कळतं की गोष्ट मधेच लटकलीये, आणि आता रंगवलेली पानं टाकवत नाहीत. म्हणून रंगाला हात लावण्याआधी काय काय उरकायचं त्यावरच इथे जास्त लिहितोय.

आधी कामाचा आवाका बघून घ्या. 8 ते 12 वयाच्या मुलांसाठी साधारण 120 ते 240 पानं असतात, त्याहून लहान मुलांना 64 ते 96 पुरतात. आठवड्याला एक रंगीत पान धरलं तर 150 पानांना जवळजवळ तीन वर्षं जातील! पहिलंच पुस्तक असेल तर 64 पानांत बसेल अशी गोष्ट घ्या असं माझं म्हणणं. 64 अशासाठी की छपाई फर्म्यात (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) होते, 16 पानांचा एक फर्मा धरला तर चार फर्म्यांत काम होतं. तुमची 70 पानं झाली तर एकतर सहा कापा नाहीतर दहा वाढवा. आणि शीर्षकाचं पान, श्रेयनामावली वगैरे सगळं त्या 64 मधेच येतं हे विसरायचं नाही.

स्क्रिप्ट पानागणिक आणि चौकटीगणिक लिहा. चित्रात जे दिसतंय ते मजकुरात परत सांगायचं नाही. समजा निमाने बाबांचा चष्मा मोडलाय. "निमा घाबरून पलंगाखाली लपली" असं लिहून खाली तेच चित्र काढलं तर दोन्ही वाया. त्यापेक्षा पान 11 असं करता येईल: पहिली चौकट मोठी, पलंगाखालचा अंधार, धूळ, एक हरवलेला मोजा आणि निमाचा अर्धा चेहरा, मजकूर काहीच नाही. दुसरीत जवळून तिची मूठ आणि त्यात चष्म्याची तुटकी काडी. तिसरीत बाहेरून आवाज, "निमाऽऽ, माझा चष्मा पाहिलास का गं?" चौथी अगदी छोटी, नुसतं दाराचं हँडल फिरतंय. पान संपलं. 11 विषम, म्हणजे उजव्या हाताचं पान, ते उलटल्याशिवाय दारात कोण आहे ते कळत नाही, आणि 12 वर निघतो बाबांचा आवाज काढणारा दादा. उत्सुकता नेहमी उजव्या पानाच्या शेवटी ठेवा, उलगडा उलटल्यावर. हेच उत्सुकता 10 वर आणि उलगडा 11 वर ठेवलात तर दोन्ही समोरासमोर येतात आणि सगळी मजा गेली, कारण मुलाची नजर आधीच पलीकडे जाऊन आलेली असते.

आता डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. साधे कागद दुमडून मधे पिना मारा, काडीची माणसं काढा, संवाद हाताने लिहा, पण अख्खं पुस्तक करा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग एखाद्या मुलाला द्या आणि शेजारी गप्प बसा. "छान आहे" तर ते म्हणणारच, त्यावर जाऊ नका, त्याचं बोट बघा. कुठे मागची पानं चाळतंय (तिथे काहीतरी कळलेलं नाहीये), कुठे भराभर उलटतंय (तिथे बडबड जास्त झालीये), कुठे संवादाच्या दोन फुग्यांमधे अडखळतंय. शेवटी गोष्ट सांगायला लावा, जे सांगेल तीच तुम्ही खरंतर लिहिलेली गोष्ट.

अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा चित्रातल्या पात्रांच्या उभं राहण्याच्या जागा असतात. जो आधी बोलतो तो डावीकडे हवा आणि त्याचा फुगा वरती. म्हणून फुग्यांची जागा कच्च्या रेखाटनातच धरायची, नंतर जागा शोधत बसलात तर कुणाच्या तरी डोक्यावर फुगा येणारच. एका फुग्यात 20-25 शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी, लहान मुलांसाठी 10-12 च.

मराठी लेटरिंगची वेगळीच कटकट आहे. वर रफार-वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमधे वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येऊन बसते. फॉन्ट युनिकोडच घ्या, बालू, मुक्ता हे मोफत आहेत आणि छापायलाही चालतात. ल आणि श हिंदी वळणाचे येतायत का ते मात्र बघून घ्या, आपल्या मुलांना शाळेत वेगळे शिकवलेले असतात.

पात्रांचा एक तक्ता करा, समोरून, बाजूने, पाठीमागून, शिवाय रडताना-हसताना. नुसत्या काळ्या सावलीवरून कोण कोण आहे ते ओळखू आलं पाहिजे. आणि हिरोला चौकड्याचा शर्ट देण्याआधी विचार करा, तो शेकडो वेळा तुम्हालाच काढायचाय.

फाइल छापायच्या मापात 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके), नुसतं रेषांचं काम असेल तर 600. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारं जास्तीचं चित्र), मजकूर कडेपासून निदान 5 मिमी आत. चेहरा दोन पानांच्या मधल्या खाचेत आणू नका, बाइंडिंगमधे नाक गायब होतं. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा सीएमवायकेमधे (छपाईच्या चार शाईंत) मरगळतो, तेव्हा दोन-चार पानं आधी छापून बघा. मजकूर फक्त काळ्या शाईत आणि वेगळ्या लेयरवर, म्हणजे उद्या दुसऱ्या भाषेत आवृत्ती काढायची झाली तर चित्र खोडायला लागत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं, क्रिता तर फुकट आहे.

प्रकाशकाकडे जाणार असाल तर पूर्ण रंगवलेलं पुस्तक नेऊ नका, बदल सांगितले की जीव जातो. सारांश, स्क्रिप्ट, पात्रांचा तक्ता आणि दहाएक पक्की पानं बास. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर पैसे, श्रेय, अनुवादाचे हक्क सगळं आधी कागदावर, मैत्री असली तरी, किंबहुना मैत्री असेल तर जास्तच.

स्वतःच प्रकाशित करणार असाल तर छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे आयएसबीएन (पुस्तकाचे ओळख क्रमांक) लागतात. प्रती थोड्या असतील तर मागणीनुसार छपाई, काही शेकड्यांच्या वर गेलात की ऑफसेट (प्लेट बनवून एकदम मोठ्या संख्येने होणारी छपाई) परवडायला लागतं. बाइंडिंग शिलाईचं करा, मुलं पुस्तक पार उलटं मुडपून वाचतात, नुसतं डिंकाचं टिकत नाही. ई-बुक फिक्स्ड लेआउटमधे (पानाची मांडणी हलत नाही अशा स्वरूपात), आणि ते आधी फोनवर उघडून बघा, फुगे वाचता आले नाहीत तर मोठा फॉन्ट घ्या.

प्रकाशनाला हारतुरे नसले तरी चालेल, शाळेत किंवा वाचनालयात एक वाचन ठेवा. पानं पडद्यावर एकेक चौकट दाखवा, मुलांना पात्रं वाटून द्या, आवाज त्यांनाच काढू द्या. सोबत दोन-तीन पानं फुगे कोरे ठेवून पीडीएफ करून शिक्षकांना द्या, संवाद मुलं भरतील.