‘उद्धट’ लिहिण्याआधी: शाळेतली शिक्षेची वही कशी ठेवावी

शिक्षेच्या वहीत ‘उद्धट’, ‘मस्तीखोर’, ‘ऐकत नाही’ असलं काही लिहायचं नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत नवीन शिक्षक आले की मी पहिल्यांदा हेच सांगते. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा: ‘धडा वाचायला सांगितल्यावर पुस्तक मिटलं, बाकावरून उठून दाराशी गेला.’

असं का, ते अमेरिकेतल्या आकड्यांवरून चांगलं कळतं. तिथल्या सरकारी शाळांत २०१३-१४ साली कृष्णवर्णीय मुलं साडेपंधरा टक्के होती, पण शाळेतून निलंबित झालेल्यांमध्ये ती सुमारे ३९ टक्के निघाली. रसेल स्किबा हे तिथले शिक्षण-संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शिक्षेच्या नोंदी तपासून दाखवलं, की गोरी मुलं सिगारेट, मोडतोड अशा उघड दिसणाऱ्या गोष्टींसाठी पकडली जात. कृष्णवर्णीय मुलांच्या नावावर मात्र ‘अनादर’, ‘फार आवाज’ असे आरोप जास्त. अनादर झाला की नाही, हे समोरचा मोठा माणूस ठरवतो. भेदभाव शिरतो तो तिथूनच.

आपल्याकडे गोरा-काळा नसेल, पण वाडा-वस्ती आहे, आडनाव आहे, भाषा आहे. गवळीवाड्यावरून जंगलातून चालत येणारं पोर, ऊसतोड टोळीबरोबर नोव्हेंबरात आलेलं पोर, घरी कन्नड बोलणारं पोर. ही नावं वहीत किती वेळा येतात ते बघा.

वहीचं पान उभं आखा. तास कुठला, आधी काय घडलं, पोरानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्या शिक्षकाचं नाव. हा रकाना कुणाला आवडत नाही, तरी ठेवाच.

समजा पाचवीतला वाड्यावरचा मुलगा मराठीच्या तासाला रोज बाक वाजवतो. नोंदी ओळीनं वाचल्या की दिसतं, आधी दरवेळी मोठ्यानं वाचायची पाळी आलेली असते आणि नंतर दरवेळी त्याला बाहेर काढलेलं असतं. म्हणजे वाचन टळलं. आपण जिला शिक्षा म्हणतो ती त्याला हवीच होती, त्यामुळे बाक उद्याही वाजणार. इथं बदलायचं ते आधीचं आणि नंतरचं. कुठल्या दोन ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशी सांगा, शेजारच्या मुलाबरोबर वाचू द्या. ‘बाई, थोड्या वेळानं वाचतो’ असं म्हणायला शिकवा आणि त्यानं तसं म्हटलं की खरंच थांबा. कौतुक करताना नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही. ‘बाक न वाजवता सांगितलंस, बरं केलंस’ म्हणा. मारणं आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदच केलाय, त्यावर वेगळं बोलत नाही.

जुलै-ऑगस्टात ओढ्याला पाणी आलं की वाड्यावरची पोरं उशिरा येणारच. तो उशीर या वहीत नको.

सहामाहीला हिशेब करा. वाड्यावरच्या शंभरांमागे कितीजणांची नावं वहीत आली, गावातल्या शंभरांमागे किती, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. एक आलं तर दोघांना सारखंच, दोन आलं तर वाड्यावरच्यांना दुप्पट. मात्र वर्गात वाड्यावरची चारच पोरं असली तर एका नोंदीनं आकडा उड्या मारतो. अशा वेळी सगळ्या शाळेचं वर्षभराचं एकत्र घ्या. हा आकडा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला दाखवायला काढू नका. तसं झालं की दुसऱ्या दिवसापासून नोंदीच थांबतात, पोरांचं व्हायचं ते होतच राहतं.

नोंदी कुठल्या तासाला दाटतात तेही बघा. बहुधा जेवणाआधीचा नाहीतर शेवटचा तास निघतो, शिक्षकही तेव्हा दमलेले असतात. त्या तासापुरता एक प्रश्न टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा: एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) अध्यक्षांच्या पोरानं हेच केलं असतं तर मी काय केलं असतं?

अधूनमधून दोघा शिक्षकांनी एकाच तासाला बसून वेगवेगळ्या नोंदी कराव्यात. एकाच्या कागदावर ‘गोंधळ’ पाच वेळा आणि दुसऱ्याच्या एकदाच आला, तर गोंधळ म्हणजे नेमकं काय ते दोघांनी बसून ठरवा आणि तोवरच्या ‘गोंधळ’च्या नोंदी हिशेबातून वगळा.