चाचणी शिबिर लावताय? आधी नंबर वाजवून पाहा

कोविडच्या अँटिजेन शिबिरात सगळ्यांचं लक्ष किटवर असतं. गेल्या वेळी आमचंही तिथेच होतं, आणि फोन नंबर तपासायचे राहिले. म्हणून सुरुवात तिथूनच. माणूस नोंदणीच्या टेबलासमोर उभा असतानाच त्याच्या नंबरवर मिस्ड कॉल द्या. फोन वाजला की मगच स्वॅबच्या रांगेत. लोक घरमालकाचा नाहीतर मुकादमाचा नंबर देतात, एका फोनवर घरातले सहा जण असतात, लिहिताना एखादा आकडा चुकतो. फोनच नसेल तर शेजाऱ्याचा नंबर घ्या आणि घराची खूण लिहा: 'देवळामागची चाळ, तिसरी खोली'. नुसतं गावाचं नाव लिहून पत्ता होत नाही.

किटच्या एका खोक्यात 25 चाचण्या येतात. 500 माणसांना 20 खोकी, वर दोन जादा. साठवण 2 ते 30 अंशांत. उन्हात उभ्या जीपमध्ये खोकी मुळीच ठेवू नका. फ्रीजमधली असतील तर वापरण्याआधी साध्या तापमानाला येऊ द्या. स्वॅब घेणारा एक जण तासाला वीसेक नमुने घेतो, म्हणजे सहा तासांत 120. पाच जण लागतातच, सहावा बदलीला ठेवा, कारण पीपीई किटमध्ये दोन तासांनी हात मंदावतो.

नमुन्याचे थेंब टाकल्याची वेळ मार्करने कॅसेटवरच, म्हणजे चाचणीच्या पट्टीच्या डबीवरच, लिहा. निकाल 15 ते 30 मिनिटांत वाचायचा. त्यानंतर उमटलेल्या रेषेवर विश्वास ठेवू नका. फिकट रेषाही पॉझिटिव्हच. 'सी'ची, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण असलेली, रेषा नसेल तर चाचणी पुन्हा.

निगेटिव्ह आलेल्याला ताप-खोकला असेल तर प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी, त्यात सवलत नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून 2020 मध्ये पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हाच्या पडताळणीत त्याची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांपैकी किती जण पकडले जातात ते प्रमाण, 50.6 ते 84 टक्के निघाली होती. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर निम्मे बाधित निसटतात. आरटी-पीसीआरचा स्वॅब ज्या द्रवात पाठवतात त्या व्हीटीएमची नळी बर्फाच्या डब्यात, 2 ते 8 अंशांत. नाव पर्मनंट मार्करने लिहा, साध्या पेनची शाई सॅनिटायझरने पुसली जाते. आणि आरटी-पीसीआरचा अहवाल एक-दोन दिवसांनी येतो, तेव्हा माणूस घरी गेलेला असतो. नंबर चुकीचा असेल तर तो पॉझिटिव्ह माणूस कामावर जात राहतो आणि तुम्ही कागद धरून बसता. म्हणून पुन्हा सांगते, मिस्ड कॉल द्या.

स्लोव्हाकियाने 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर 2020 या दोन दिवसांत 36 लाखांवर लोक तपासले, त्यात 38 हजारांवर पॉझिटिव्ह निघाले. तिथे निकालाचा कागद जागेवरच हातात मिळत होता, आणि पॉझिटिव्ह आलेल्याने घरीच थांबायचं होतं. निकाल त्या माणसापर्यंत पोचला आणि तो थांबला, तरच तपासणीचा उपयोग. तेव्हा विलगीकरणातल्या खाटा, रुग्णवाहिका आणि जेवण आदल्या दिवशी पक्कं करा. ज्याची रोजी बुडते त्याच्या घरी शिधा कोण पोचवणार, तेही.

बाकी: मंडप, पाणी, वापरलेल्या किटच्या कचऱ्याला दुहेरी पिवळ्या पिशव्या, निर्जंतुकीकरणाला 1 टक्का हायपोक्लोराइट. चाचण्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद त्याच संध्याकाळी. रजिस्टर मिटण्याआधी नंबरचे रिकामे रकाने मोजा, लोक अजून आवारात असतानाच.